शके ९३२ : कळसाचे वर्ष, दिव्यांचे वर्ष

आज माघ वद्य चतुर्दशी. घरोघरी उपवासाची तयारी झाली असेल, देवघरात बेलाची त्रिदळे निवडून ठेवली असतील आणि रात्री चार प्रहरांच्या पूजेसाठी तुपाची निरांजने घासूनपुसून मांडली असतील. या दिवशी महाराष्ट्रातील भाविकाचे मन साहजिकच त्र्यंबकेश्वराकडे, भीमाशंकराकडे, घृष्णेश्वराकडे, परळीकडे वा औंढ्याकडे धाव घेते. आम्ही मात्र आज वाचकांना कावेरीच्या तीरावरच्या प्रदेशात, तंजावरास नेऊ इच्छितो. तेथील बृहदीश्वर हे काही बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक नव्हे. त्याच्या मागे पुराणकथांचे वलयही फारसे नाही. ते एका राजाने, एका ठराविक काळात, अगदी ठरवून उभारलेले देऊळ आहे. पण त्या देवळाच्या भिंतीवर एक वर्ष असे काही कोरून राहिले आहे की, सहस्र वर्षांपूर्वीच्या एखाद्या वर्षाची इतकी बारीकसारीक ओळख आपल्याला क्वचितच कोठे होते. ते वर्ष म्हणजे इसवी सन १०१०, आपल्या गणनेने शके ९३२.

त्या वर्षी जगात आणखीही काही घडत होते. इराणच्या पूर्व भागात फिर्दौसी नावाच्या कवीने आपला 'शाहनामा' मार्च १०१० मध्ये पुरा केला आणि तो ज्याच्या आश्रयाच्या आशेने पुरा केला तो गझनीचा सुलतान महमूद हिंदुस्थानावर स्वाऱ्या करण्यात गुंतला होता. आपल्या मराठीचे म्हणाल, तर अलिबागेजवळच्या अक्षी गावच्या शिलालेखाचे शके ९३४ हे वाचन मान्य केल्यास, या भाषेची पहिली अक्षरे दगडावर उमटायला अजून दोन वर्षांचा अवधी होता. ज्ञानदेवांच्या जन्माला तर अडीचशेहून अधिक वर्षे होती. अशा त्या काळी दक्षिणेत चोळ वंशातील राजराज सिंहासनावर होता. इसवी सन ९८५ मध्ये त्याने राज्य हाती घेतले आणि आता त्याच्या कारकीर्दीचे पंचविसावे वर्ष चालू होते.

लेख सांगतो तो दिवस असा : पंचविसाव्या वर्षाचा दोनशे पंचाहत्तरावा दिवस. हिशेब केला तर हा दिवस १०१० च्या उन्हाळ्यात, चैत्र-वैशाखाच्या सुमारास येतो. त्या दिवशी राजराजाने विमानाच्या माथ्यावर चढविण्यासाठी तांब्याचा कळस देवाच्या स्वाधीन केला. कळसाचे वजन ३,०८३ पलम् आणि त्यावर मढविलेल्या सोन्याच्या पत्र्याचे वजन २,९२६॥ कळंजु. त्या अर्ध्या कळंजूकडे वाचकांनी लक्ष द्यावे. साठ मीटरांच्या आसपास उंचीच्या, तेरा मजल्यांच्या पाषाणी विमानावर चढणाऱ्या कळसाच्या सोन्याचा हिशेब ठेवताना त्या कारकुनाने अर्धा कळंजुही सोडलेला नाही. ही वृत्ती ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे सारे समजते.

विमानाविषयी आपल्याकडे पुष्कळ ऐकीव गोष्टी प्रचलित आहेत. त्याची सावली जमिनीवर पडत नाही असे भाविक यात्रेकरू परत येऊन सांगतात. ती पडते, आणि चांगली लांब पडते. माथ्यावरची घुमटी ऐंशी टनांच्या एकाच शिळेची आहे असेही म्हणतात. प्रत्यक्षात ती अनेक शिळा सांधून केलेली आहे. समोरचा प्रचंड नंदी राजराजाचा मानला जातो, पण तो त्यानंतर कित्येक शतकांनी आलेल्या नायक राजांच्या काळचा. या दंतकथांचा आम्हांला राग नाही. मोठ्या वस्तूभोवती गोष्टी जमायच्याच. पण खरी नवलाची गोष्ट अशा कथांच्या गर्दीत हरवते ती ही की, तंजावरच्या आसपास डोंगर नाही. कावेरीच्या गाळाचा सपाट, भाताचा मुलूख तो. तेथे काळ्या-करड्या कठीण ग्रॅनाइटचा एवढा पर्वत उभा करायचा तर प्रत्येक शिळा कोसच्या कोस दुरून ओढून आणावी लागली. सुमारे १००३ च्या आगेमागे आरंभलेले हे काम सात-आठ वर्षांत कळसाला पोहोचले. ज्या स्थपतीने हे केले त्याचे नावही भिंतीवर आहे : कुंजरमल्लन् राजराज पेरुंतच्चन्. 'पेरुंतच्चन्' म्हणजे थोर सुतार, आपल्या भाषेत महास्थपती.

कळस चढला आणि उन्हाळा सरला. राजराजाच्या कारकीर्दीचे सव्विसावे वर्ष लागले. त्या वर्षाच्या विसाव्या दिवशी, म्हणजे १०१० च्या पावसाळ्यात, राजप्रासादाच्या पूर्वेकडील स्नानशाळेत बसून राजाने एक आज्ञा केली. आमच्या मते त्या वर्षातील सर्वांत मोठी घटना कळस नव्हे, ही आज्ञा होय. आम्ही दिलेले, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेले, आमच्या राण्यांनी दिलेले आणि इतर ज्यांनी ज्यांनी दिले त्यांचे, असे सर्व दान या पाषाणी विमानावर कोरून ठेवा, असा तिचा आशय. तमिळ लेखात बहिणीसाठी शब्द आहे 'अक्कन्', अर्थात आपली अक्का. मराठी घरातल्या थोरल्या बहिणीला आपण हाक मारतो तो हाच शब्द, दक्षिणेकडून आपल्या घरात आलेला. चोळ साम्राज्याचा धनी राजपत्रात आपल्या बहिणीला अक्का म्हणतो आणि तिचे नाव राण्यांच्या आधी घेतो, हे वाचताना आम्हांला फार बरे वाटले.

ही अक्का म्हणजे कुंदवै. तिची दाने मोठी आहेत. सोन्याची भांडी, दागिने, देवीची मूर्ती यांचे वर्णन भिंतीवर विस्ताराने येते. पण त्यांत दोन मूर्ती अशा आहेत की ज्यांपाशी वाचणारा थबकतो. एक तिच्या वडिलांची, ज्यांना लेखात सुवर्णप्रासादात निजधामास गेलेले देव असे म्हटले आहे, आणि दुसरी तिच्या आईची. भावाने बांधलेल्या देवळात मुलीने आईवडिलांना नेऊन बसविले.

धातूच्या प्रत्येक मूर्तीची नोंद कशी आहे ते पाहावे. मुकुटापासून पावलांपर्यंत उंची किती, हात किती, पीठ कसे, प्रभावळ आहे की नाही, हे सारे दिलेले आहे. सोने तोलायचे ते 'आडवल्लान्' नावाच्या वजनाने. आडवल्लान् म्हणजे नृत्यात निपुण असा तो नटराज, आणि धान्य मोजायच्या मापालाही त्याचेच नाव. म्हणजे कोठीतला कारकून जेव्हा भात मोजी, तेव्हा देवाच्या नावानेच मोजी. मापात पाप करणाऱ्याला यापेक्षा कडक पहारा कोणता असणार! त्या नोंदींतील बहुतेक मूर्ती आज त्या देवळात राहिलेल्या नाहीत. दगडावरची उंची आणि हातांची संख्या मात्र तशीच आहे.

दान एकदा दिले म्हणजे झाले असे आपण समजतो. राजराज तसे समजत नव्हता. देवापुढे दिवा लावणे सोपे आहे, पण तो उद्या, परवा आणि आपण गेल्यानंतरही जळत राहील याची तजवीज करणे कठीण आहे. चंद्रसूर्य असेतो चालावे अशी त्या काळच्या दानलेखांची भाषा असते. परंतु चंद्रसूर्यांची शपथ घातली म्हणून समईत तूप पडत नाही. तंजावरच्या भिंतीवर त्या तुपाची व्यवस्था आहे. एका अखंड दिव्यासाठी शहाण्णव मेंढ्या, किंवा अठ्ठेचाळीस गायी, किंवा सोळा म्हशी एका गवळ्याच्या वा मेंढपाळाच्या स्वाधीन करायच्या. त्याने रोज एक उळक्कु तूप देवळात आणून घालायचे. कळपाची वाढ होईल ती त्याची, पण मेलेल्या वा म्हाताऱ्या जनावराच्या जागी दुसरे उभे करून मूळ आकडा कधी कमी होऊ द्यायचा नाही. म्हणूनच लेखात त्या मेंढ्यांना न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या असे म्हटले आहे. हे काव्य नव्हे, हा करार आहे. पण काव्याहून सुंदर करार आहे. कराराखाली मेंढपाळाचे नाव आहे आणि तो चुकला तर कोण भरपाई करील त्या जामीनदारांचीही नावे आहेत. ज्या भिंतीवर सार्वभौम राजाचे नाव, त्याच भिंतीवर, त्याच अक्षरांच्या वळणात, धनगराचे नाव.

रोख रकमेचीही अशीच योजना होती. देवाचे द्रव्य गावोगावच्या सभांना कर्जाऊ द्यायचे आणि दर काशूमागे वर्षाला एक अष्टमांश काशु, म्हणजे साडेबारा टक्के, व्याज घ्यायचे. काही ठिकाणी व्याज भाताच्या रूपाने. मुद्दल गावाकडे राही, शेतीच्या कामी येई आणि व्याजातून पूजा चाले. एका नोंदीत अशा व्याजातून वेलदोडे, चाफ्याच्या कळ्या आणि वाळा विकत घ्यायचा आहे, देवाच्या स्नानाचे पाणी सुगंधित करण्यासाठी. आज चार प्रहरांच्या पूजेत अभिषेकाच्या कलशात वाळा टाकणाऱ्या गृहिणीला ही नोंद परकी वाटणार नाही.

राजराजाची आज्ञा पुढील वर्षांतही चालू राहिली आणि भिंत भरत गेली. त्याच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंतच्या, म्हणजे सुमारे १०१४ पर्यंतच्या नोंदींत सबंध देऊळच गाव होऊन उभे राहते. अठ्ठेचाळीस गायक 'तिरुप्पदियम्' म्हणण्यासाठी नेमले. अप्पर, संबंदर आणि सुंदरर या शिवभक्तांची ती तमिळ पदे. त्यांच्या साथीला एक उडुक्कै वाजविणारा आणि एक मद्दल वाजविणारा, असे एकूण पन्नास. प्रत्येकाला रोजचे तीन कुरुणी भात राजभांडारातून. ही पदे विस्मृतीत गेली होती, चिदंबरमच्या देवळात एका बंद कोठडीत वाळवी लागलेल्या ताडपत्रांवर ती राजाला सापडली, अशी कथा तमिळ घरांत सांगतात. इंद्रायणीच्या डोहातून वर आलेल्या गाथेची कथा ज्यांनी आईच्या मांडीवर ऐकली आहे त्यांना तिचा अर्थ वेगळा सांगायला नको. संस्कृत गाणारे आणि तमिळ गाणारे असे दोन्ही गायक त्या याद्यांत आहेत. २०२० च्या फेब्रुवारीत या देवळाचा कुंभाभिषेक झाला, तेव्हा मंत्र संस्कृतात म्हणावेत की तमिळमध्ये, हा वाद थेट न्यायालयात गेला आणि दोन्ही भाषांत व्हावे असे ठरले. भिंतीने हा निवाडा हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेवला होता.

याद्या पुढे चालतात. छत्र धरणारे, शंख फुंकणारे, दिवे लावणारे, पाणी शिंपडणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सुतार, सोनार, जोशी, हिशेबनीस. प्रत्येकाला वाटा. आणि या सर्वांत मोठी यादी चारशे नर्तकींची. चोळ देशातील निरनिराळ्या देवळांतून त्यांना तंजावरास आणून वसविले. देवळाभोवतीच्या रस्त्यांवर ओळीने घरे, प्रत्येकीला एक घर आणि वर्षाला शंभर कलम् भाताचा एक वाटा. दक्षिणेकडच्या रस्त्याची कोणती रांग, कितवे घर, त्यात राहणारीचे नाव काय, ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आली, हे एकामागून एक चारशे वेळा कोरलेले आहे. नावांच्या आधी 'नक्कन्' हा शिववाचक शब्द. एकीचे नाव 'एडुत्तपादम्', म्हणजे उचललेले पाऊल, नटराजाचे ते डावे पाऊल. कोणा आईबापांनी मुलीचे नाव असे ठेवले असेल!

येथे थोडे थांबले पाहिजे. या चारशे जणींना आपापली गावे, आपापली देवळे सोडून यावे लागले. त्यांना कोणी विचारले होते की नाही, हे भिंत सांगत नाही. देवापुढे नाचणाऱ्या या स्त्रियांच्या वंशजांची पुढच्या शतकांत जी अवस्था झाली आणि ज्यामुळे १९४७ मध्ये मद्रास प्रांतात मुली देवाला वाहण्याची प्रथाच कायद्याने बंद करावी लागली, ती सर्वश्रुत आहे. राजराजाच्या काळी त्यांना घर होते, उत्पन्न होते, नाव होते, एवढे खरे. देशोदेशीच्या इतिहासात राजांच्या राण्यांचीही नावे जेथे सापडत नाहीत तेथे चारशे सामान्य स्त्रियांची नावे पत्त्यासह उरावीत, हे थोडके नाही. पण नाव उरले म्हणजे सुखही होते, असा निष्कर्ष काढण्याची घाई आम्ही करणार नाही.

दुसरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. हे सोने आले कोठून? भिंत तेही लपवीत नाही. चेर आणि पांड्य राजांना जिंकून आणलेल्या द्रव्यातून दागिने घडविले, असे ती सरळ सांगते. सिंहलद्वीपातील गावांचे उत्पन्नही देवाला लावून दिलेले आहे. आणि सत्याश्रयाचा पराभव करून परतल्यावर राजाने देवाच्या चरणी सोन्याची फुले वाहिली, अशीही नोंद आहे. हा सत्याश्रय आपल्याला परका नव्हे. उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्र ज्या चालुक्यांच्या छत्राखाली होते त्यांचा तो राजा. त्या युद्धाची दुसरी बाजू होट्टूर येथील शके ९२९, म्हणजे इसवी सन १००७ च्या कन्नड शिलालेखात आहे. नऊ लाखांची चोळ सेना चालून आली, तिने मुलूख लुटला, स्त्रिया, मुले आणि ब्राह्मणही तिच्या हातून सुटले नाहीत, असे तो लेख आक्रोश करून सांगतो. शत्रूने दिलेला आकडा फुगविलेला असणार हे उघड आहे, पण आक्रोशही खोटाच असे म्हणवत नाही. तीन वर्षांच्या अंतराने दोन दगड बोलतात. एक सोन्याच्या फुलांविषयी, दुसरा त्या फुलांच्या किमतीविषयी. आपण शिवाला रुद्रही म्हणतो आणि शंकरही म्हणतो. भक्ताने दोन्ही दगड वाचावेत.

राजराजानंतर त्याचा पुत्र राजेंद्र याने राजधानी हलविली, गंगैकोंडचोळपुरम् येथे दुसरे तसेच देऊळ बांधले आणि तंजावरचे वैभव ओसरले. पांड्य आले, नायक आले. नायकांच्या काळात गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गातील चोळकालीन चित्रांवर नवी चित्रे रंगविली गेली आणि जुनी त्याखाली झाकून राहिली. १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी या अभ्यासकाच्या ध्यानात आले की वरचा थर सुटलेल्या ठिकाणी खाली वेगळेच रंग दिसतात. दक्षिणामूर्ती, त्रिपुरांतक, कैलासाला निघालेले सुंदरर ही सर्व मंडळी नऊशे वर्षांनी पुन्हा उजेडात आली.

आणि मग मराठे आले. शहाजीराजांचे पुत्र, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरात राज्य स्थापिले आणि कावेरीकाठी मराठी बोलणारे दरबार, कीर्तने, नाटके, ग्रंथालये सुरू झाली. आपण आज ज्याला बृहदीश्वर म्हणतो ते संस्कृत नाव उत्तरकाळात रूढ झाले. राजराज त्याला राजराजेश्वरच म्हणे आणि तेथील लोक अजून 'पेरिय कोविल', थोरले देऊळ, म्हणतात. भोसल्यांपैकी विद्याव्यासंगी सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. देशातील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. मराठी माणूस तेथे गेला की देवनागरी अक्षरे पाहून त्याचा ऊर भरून येतो, तो आमचाही भरून येतो. परंतु १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रज कंपनीच्या हाती गेला होता, हे ध्यानात घेऊन ती अक्षरे वाचावीत. राज्य गेलेल्या राजाने वंशाची कथा दगडाच्या स्वाधीन केली. राज्य ऐन भरात असलेल्या राजाने त्याच आवारात मेंढपाळांची नावे कोरविली होती. भोसले घराण्यातील ज्येष्ठ पुरुष आजही या देवस्थानाचे वंशपरंपरागत विश्वस्त आहेत.

त्या चारशे घरांच्या यादीच्या शेवटी एक नियम आहे. वाटा असलेली व्यक्ती मरण पावली अथवा परदेशी गेली, तर तिच्या जवळच्या नातलगाने वाटा घ्यावा आणि सेवा करावी. नातलग त्या कामाला योग्य नसेल तर त्याने दुसऱ्या योग्य माणसाला निवडून त्याच्याकडून सेवा करवावी. नातलगच नसतील तर त्याच कामातल्या इतरांनी आपल्यातून कोणी निवडावा. मृत्यू येणार, माणसे निघून जाणार, हे गृहीत धरूनच सारी मांडणी केलेली आहे.

गाभाऱ्याच्या वर, सामान्य यात्रेकरू जेथे जाऊ शकत नाही अशा पहिल्या मजल्याच्या भिंतीवर, भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील करणे कोरण्याचे योजिले होते. नाचणारा स्वतः शिव, चार हातांचा. करणे एकशे आठ. त्यांपैकी एक्याऐंशी कोरून झाली. उरलेल्या सत्तावीस शिळा तासून, गुळगुळीत करून, जागेवर बसविलेल्या आहेत आणि त्यांच्यावर काहीही नाही. काम का थांबले याची नोंद एवढ्या बोलक्या भिंतीवर कोठेही नाही.